हातात अन्न, पायात चप्पल

आमचं गाव येरमाळ्याजवळ, येडाईच्या डोंगराच्या अलीकडं, फाट्यावर एसटीतनं उतरलं की माणूस चालत येतंय. नाव बालाजी, पण गावात मला सगळे बाळ्याच म्हणतेत, पुण्यात भैया म्हणतेत, आन् कंपनीत तर नावच न्हाई, कंपनीत मी आयडी. ताई, तुमी इथं गावाला घरी येऊन लिहायला बसलाव म्हणून आधीच सांगतो, तुमच्या युनियनच्या पत्रकात शोषण हा शब्द लई येळा येतोय, खोटा हाय असं म्हणत न्हाई मी, पण माझ्या गोष्टीला तेवढा एकच शब्द पुरायचा न्हाई, कारण माझी गोष्ट चपलेपासनं सुरू होती. हसू नका. ती बगा माय तिकडं भाकरी थापता थापता हसायलीय, तिला सगळं ठाऊक हाय, तिच्यामुळंच झालंय ते.

तर काय सांगू तुमाला, आमच्याकडं येळवस असती, म्हंजी येळा अमावस्या. तुमी आपल्याच जिल्ह्याच्या, तुमाला सांगायला नको, पण पुण्याच्या माणसानं वाचलं तर त्येला बी कळाय पायजे. थंडीत एक अवस येती, त्या दिशी गाव रिकामं होतंय, घराला कुलूप लावून सगळे रानात जातेत, कडब्याची कोप म्हंजी खोपटं करायचं, पूजा करायची आन् मंग जेवायचं, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, आन् रस्त्यानं कोण चाललं असंल त्येला हाताला धरून आणून बसवायचं, ओळखीचा असो नसो. पण ते सगळं अन्न रानापतोर जाणार कसं, तर टोपल्यात भरून, वरनं धुतलेलं धोतर झाकून, डोक्यावर. आमच्या घरात ते काम बारक्यापणापासनं माझ्याकडं. आन् मायचा कायदा असा की अन्न न्यायलास तर पायात कायी घालायचं न्हाई. दुसऱ्याच्या घरात असंल नसंल, आमच्या घरात होता. काटा मोडला तर मोडू दे. तिचं म्हणणं, जी चप्पल शेणातनं चिखलातनं फिरती ती घालून कुणाच्या जेवणाम्होरं उभं ऱ्हायचं न्हाई. येळवस वर्षातनं एकदा, पण कायदा वर्षभर. शेजारी वाटीभर भाजी द्यायला गेलं तरी उंबऱ्याभाईर चपला काढायच्या, मंग वाटी द्यायची. आत जायचं नसलं तरी. आता हे अंगात गेलंय. तुमी डोळे कसे मिटता हे तुमाला सांगता येतंय का, तसं ते.

शिकायला फार गेलो न्हाई, येरमाळ्याला हायवेवर एक हॉटेल होतं तिथं लागलो. एसटी थांबायच्या, ट्रक थांबायचे, चैत्रात येडाईच्या जत्रंला तर उभं ऱ्हायला जागा नसायची. भजी, चहा, उसळ, मी वाढायचो, अनवाणीच. मालक म्हणायचा, बाळ्या, अरे गिऱ्हाईक बगतंय, पायात घाल कायीतरी, आन् म्या म्हणायचो, मालक, गिऱ्हाईक भज्याकडं बगतंय, टेबलाखाली कोण बगतंय. लई चांगला माणूस. मंग रस्ता मोठा झाला, पूल झाला, गाड्या वरनंच जाऊ लागल्या. वरनं म्हंजी आमच्या डोक्यावरनं. आमच्या भज्याचा वास काय तिथपतोर जाईना. हे मात्र तुमी लिहा ताई, ठळक लिहा, रस्ता झाला तवा भाषणं झाली, विकास विकास म्हणले, पण ज्या माणसाचं पोट रस्त्याच्या कडंला हाय त्येला कुणी इचारलं न्हाई की बाबा, आता तू कुठं जाशील. मालकानं शटर ओढलं, माझ्या खांद्यावर हात ठिवला आन् म्हणला, पुण्याला जा.

येडशीच्या स्टेशनावर गाडीची वाट बगत बसलो होतो. पुण्यात जायचं, पण पुण्यात कुठं, ते ठाऊक न्हाई. शेजारी एक माणूस डबा उघडून बसला होता, डोक्यावर केस कमी आन् मिशी भरघोस, कडक भाकरी आन् शेंगाची चटणी, वासानंच माझं तोंड तिकडं वळलं. त्येंनी अर्धी भाकर मोडून म्होरं केली आन् म्हणले, कुठं निघालास तम्मा. तम्मा म्हंजी कानडीत धाकटा भाऊ. ते अण्णा. लोहाऱ्याकडचे, लिंगायत, त्येंच्या घरात अर्धं कानडी आन् अर्धं मराठी चालतंय, आन् चिडले की पुरं कानडी. म्या म्हणलं, पुण्याला, कामाला. कुठल्या कामाला. बगू की. अण्णा हसले, म्हणले, बगू की नावाची कंपनी न्हाई पुण्यात, माझ्याबरोबर चल. असं भाकरीवर ठरलं सगळं. अण्णा तवा दोन-तीन वर्षं तेच काम करत होते, हॉटेलातलं जेवण बॅगेत घालायचं आन् माणसाच्या दारात न्यायचं.

मायला फोनवर सांगितलं असं असं काम हाय. माय म्हणली, भुकेल्या माणसाला अन्न न्हेऊन द्यायचं, त्येचे पैसे घेतेत व्हय रे. म्या म्हणलं, घेतेत. माय म्हणली, मंग गुमान दे, आन् पैशे झाले म्हणून तोऱ्यात ऱ्हाऊ नकोस. तिला वाटलं मोठं पुण्याचं काम लागलं लेकाला. मला बी खरं तसंच वाटलं, खोटं का सांगू. जे काम म्या बारक्यापणापासनं केलं तेच तर होतं, टोपलं डोक्यावर असायचं ते पाठीवर आलं एवढंच.

हिंजवडीच्या अंगाला अण्णांची खोली, तिथं राहिलो. कामाला लागताना कुणी माणूस भेटलाच न्हाई, ह्येचं मला लई नवल वाटलं. हॉटेलात लागताना मालकानं वर खाली बगून घेतलं होतं, बापाचं नाव इचारलं होतं. इथं फोनलाच तोंड दाखवायचं, फोनच म्हणतोय मान डावीकडं करा, उजवीकडं करा, आन् मंग आयडी निघतो. शिकवायला एक व्हिडिओ, त्यात एक गोरा पोरगा सारखा हसतोय, हसा म्हणतोय, बॅग पुसा म्हणतोय. चपलेविषयी त्येनं कायी सांगितलं न्हाई. आन् एकदा आयडी निघाला की इथं माणसाला माणूस म्हणत न्हाईत. टपरीवर सगळे पोरं उभे असतेत ना, एकमेकाला इचारतेत, तुझा आयडी चालू हाय का, ह्येचा आयडी बंद झाला, त्येचा आयडी मेला. मेला म्हणतेत, बगा.

खरं शिकवलं ते अण्णांनी. गाडीवर मागं बसवून आठवडाभर फिरवलं. अण्णा म्हणायचे, तम्मा, हॉटेलवाल्यानं उशीर केला तर भांडू नको, त्यो बी आपल्यासारखाच कुणाचा तरी आयडी हाय. म्हणायचे, गेटवर नाव लिहिताना नीट लिही, वॉचमनला नमस्कार कर, पुण्यात देवाच्या आधी वॉचमन. एकदा एका बाईला म्या मावशी म्हणलं, आपल्याकडं काय म्हणायचं दुसरं, घ्या मावशी, गरम हाय. तिनं तोंड असं केलं, आन् जिना उतरेपतोर फोनमधी पाचातली एकच चांदणी. अण्णा पोट धरून हसले. म्हणले, मॅडम म्हण, मॅडम सगळ्या वयाला बसतंय.

आन् एक गोष्ट मला आजपतोर पचली न्हाई. मोठ्या बिल्डिंगीत आमाला माणसांच्या लिफ्टीत जाऊ देत न्हाईत, मागची लिफ्ट दाखवतेत, त्यात कचऱ्याचे डबे असतेत. म्हंजी एका बाजूला कालचं सडकं, दुसऱ्या बाजूला मी, आन् माझ्या पाठीवर त्येंचं गरम जेवण. त्येंच्याच पोटात जायचं अन्न हाय ते. आमी धरलंय म्हणून ते कचऱ्याच्या लिफ्टीतनं जातंय. आमचा मान सोडा, पण अन्नाचा तरी ठेवा की. ही लाईन तुमी पत्रकात घातली होती, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आन् तुमी म्हणलाव ही बालाजीची हाय. तवा मला लाजल्यासारखं झालं.

तर चपलेचं. पैल्या दिवसापासनं मी दारात गेलो की बेल वाजवायचो आन् वाकून चपला काढायचो, मंग दोन्ही हातानं पार्सल द्यायचो. ठरवून न्हाई, पायच काढायचे. कुणी बगायचं न्हाई, कुणी बगून हसायचं. एक म्हातारे आजोबा होते, त्येंनी चष्म्यातनं खाली बगितलं आन् म्हणले, आत यायचंय का. न्हाई आजोबा. मग काढली का. म्या म्हणलं, हातात जेवण हाय न. ते म्हणले, अरे, आमच्या घरात आम्ही सगळे चप्पल घालूनच जेवतो. आन् दार लावलं. एका सोसायटीत कुत्र्यानं एक चप्पल पळवली, बॅग पाठीवर घेऊन मी त्येच्या मागं, लहान पोरं माझ्या मागं. टपरीवर मला पुजारी म्हणायचे, आला बगा पुजारी, आज कुणाच्या दारात दर्शन झालं. अण्णा सांगायचे, तम्मा, सोड हे, चप्पल घालूनच दे, देव काय रेटिंग देत न्हाई. मी हो म्हणायचो आन् दारात गेलो की पाय परत तेच करायचे.

मंग ते झालं. दुपारची येळ, खिचडी आन् कढीची ऑर्डर. बिल्डिंग उंच, वरचा मजला, आख्ख्या मजल्यावर चिटपाखरू न्हाई. बेल वाजवली, वाकलो, चपला काढल्या. दाराला ते बगायचं भोक असतंय न्हवं, त्यातला उजेड गेला, म्हंजी आतनं कुणी बगायलंय. आवाज आला पोरीचा, कोण. म्या म्हणलं, पार्सल मॅडम. ती म्हणली, तिथंच ठेवा. आता तिथंच म्हंजी कुठं, दाराशेजारी चपलांचं कपाट, खाली फरशी, कडीला अडकवावं तर गोल मूठ, पिशवी घसरतीय. म्या म्हणलं, मॅडम, अन्न हाय, खाली कसं ठिवू, हातात घ्या ना. मंग म्हणली, चप्पल का काढली तुम्ही. आन् ताई, मला दुसरं कायीतरी बोलता आलं असतं, पण तोंडातनं काय आलं, तर काढावीच लागती मॅडम.

काढावीच लागती. तुमीच सांगा आता, आतल्या पोरीनं काय समजावं.

मला आवाजातनं कळलं ती भ्यालीय, आन् तिला धीर द्यावा म्हणून म्या म्हणलं, भिऊ नका मॅडम, मी कुठं जात न्हाई, इथंच उभा हाय. आपल्याकडं असंच म्हणतेत की, रानात कुणी एकटं भ्यालं तर, मी हाय इथं, जात न्हाई. आत तिनं फोन लावल्याचं ऐकू आलं. वॉचमन पळत आला, माझ्या दंडाला धरलं. म्या पार्सल त्येच्या हातात दिलं आन् चपला हातात घेऊन खाली आलो. गाडीपाशी येऊन फोन काढला तर लाल. आयडी बंद.

आयडी बंद म्हंजी काय हे तुमाला सांगायला नको, वाचणाऱ्याला सांगा. आयडी बंद म्हंजी गाडी हाय, हात हायेत, पाय हायेत, हॉटेलाबाहेर जेवणं तयार हायेत, आन् तू उद्यापासनं कुणी न्हाईस. खोलीचं भाडं त्या आयडीवर, गावाकडं मायची औषधं त्या आयडीवर. म्या फोनमधी लिहिलं, माझं ऐकून घ्या. उत्तर आलं, तुमची अडचण आम्हाला समजते. म्या लिहिलं, अजून सांगितलीच न्हाई, समजली कशी. परत तेच, तुमची अडचण आम्हाला समजते. तसंच सारखं. अण्णा मागनं बगत होते, म्हणले, तम्मा, हे यंत्र हाय, तू बंद देवळाची घंटा वाजवायलास.

मायला सांगावं का न्हाई, दोन दिवस इचार केला, मंग सांगितलं. मला वाटलं ती म्हणंल, माझ्या लेकावर आळ घेतला, त्या पोरीचं वाटोळं होईल. मायनं सगळं ऐकून घेतलं, आन् म्हणली, मुडद्या, एकटी लेक घरात, दाराभाईर परका बाप्या, त्यो वाकून चपला काढायलाय आन् वरनं म्हणतोय मी जात न्हाई. मी असते तर उलथनं तापवून दाराआड उभी ऱ्हायले असते. म्या म्हणलं, माय, कायदा तर तुझाच हाय. तर म्हणली, कायदा माझा, माझ्या रानातला, तिला कुणी सांगितला होता का. राग त्या पोरीवर होता तो तिथंच गेला. एकट्या बाईनं दार उघडायच्या आधी इतकं भ्यावं अशीच करून ठिवलीय आपण दुनिया, आन् ती आपण म्हंजी बाप्यांनी. हे तुमी शिकवलेलं न्हाई बरं, हे मायनं शिकवलं.

मंग एक दिवस कंपनीतनं फोन आला, खरा, माणसाचा. पोरगीच होती, आधी हिंदीत बोलली, मी अडखळायलो बगून मराठीत आली. आवाज दमलेला होता तिचा. म्हणली, सर, तुमच्या केसमध्ये मला एक कारण निवडायचंय. आयुष्यात पैल्यांदा कुणी सर म्हणलं. म्या सगळं सांगितलं, येळवशीपासनं सांगितलं, तिनं ऐकलं बी. मंग म्हणली, सर, असं कारण इथं न्हाईये. चप्पल ओली होती, फरशी खराब होईल म्हणून काढली, असं लिहू का, लगेच चालू होईल आयडी. अण्णा शेजारी बसलेले, जोरजोरात मान हलवायले, हो म्हण, हो म्हण. मी हो म्हणणारच होतो. पण इचारलं, मंग त्या मॅडमच्या तक्रारीचं काय होईल. ती म्हणली, ती चुकीची म्हणून बंद होईल. म्या म्हणलं, आन् पुढं कधी त्येंच्या दारात खरंच वंगाळ माणूस आला, आन् त्येंनी तक्रार केली तर. ती म्हणली, ते सिस्टिम बघते, सर.

म्या म्हणलं, असं लिहा, मॅडम भ्याल्या ते खरं, आन् माझ्या मनात वाईट न्हवतं ते बी खरं. ती म्हणली, दोन्ही खरं असं लिहायला जागा न्हाईये, सर. आवाज एकदम बारीक झाला होता तिचा. म्या म्हणलं, मंग ओली म्हणून लिहू नका. फोन संपला, आयडी बंद तो बंदच.

अण्णा उठले, स्टोव्ह पेटवला, पिठलं केलं, मधी एकटेच कानडीत कायीतरी बोलायले, त्यातलं मला एवढंच कळलं की मी गाढव हाय. मंग माझ्या ताटात जास्तीचं वाढलं आन् म्हणले, खा, सत्यवादी. महिना होत आला तसाच, त्येंनी पोसलं मला. एकदा बी बोलून दाखवलं न्हाई. खोलीवर आले की मिशीला पीळ देत म्हणायचे, आज माझ्या पायाला आराम दे जरा, बॅग धुऊन टाक, म्हंजी मला वाटावं मी कायीतरी काम करायलोय.

तवा तुमी आलाव. टपरीवर पत्रकं घेऊन उभ्या, आपल्या बोलीत बोलायलाव म्हणून मी जवळ आलो, आन् म्या गोष्ट सांगितली तर तुमी हसलाव न्हाई, हे मला लई भावलं, कारण तवर सगळे हसले होते. तुमी म्हणलाव, ह्येचा आयडी चालू करा असं मागायचंच न्हाई, तोंड असलेला माणूस आमच्याम्होरं उभा करा, त्यो ऐकंल, आमचं बी आन् तक्रार करणाऱ्याचं बी, असं मागायचं. सगळ्यांनी फोन बंद केले आन् कंपनीच्या ऑफिसाखाली जाऊन बसलो. पोलीस येऊन बगून गेले. ऊन चढलं. मंग एक साहेब खाली आला, माझ्याच वयाचा, गळ्यात कार्ड. म्हणला, थोडक्यात सांगा. म्या सांगितलं. म्हणला, म्हणजे आता दारात चप्पल काढायची न्हाई, एवढंच ना. व्हय, एवढंच. म्या म्हणलं, साहेब, तुमाला उभ्या उभ्या कळलं, ते तुमच्या फोनाला महिनाभर कळलं न्हाई. त्येनं गळ्यातलं कार्ड चाळवलं आन् वर गेला. आयडी चालू झाला, पण लिहून आलं की परत अशी तक्रार आली तर कायमचा बंद, मंग ऐकणं बी न्हाई. तोंड असलेला माणूस एकदाच मिळणार. तुमी म्हणलाव हे अर्धंच जिंकलो. माझ्या पोटाला तवा अर्धं बी लई होतं.

मंग मी दारात गेलो की पायाला दटावायचो. चप्पल घालूनच द्यायचो. सुरुवातीला तळव्याला मुंग्या यायच्या, कुणाच्या देवघरात चपलेसकट गेल्यासारखं वाटायचं.

आन् एक दिवस टपरीवर उभा असताना फोन वाजला, बगतो तर तीच बिल्डिंग, तोच फ्लॅट. ऑर्डर घ्यायची का सोडायची, फोनवर तेवढंच फिरतं वर्तुळ, ते संपलं की दुसऱ्याला जाती. अण्णा शेजारी, म्हणले, सोड तम्मा, परत ओरडली तर संपलास. खरं होतं त्येंचं. पण मला वाटलं, ह्या एका दाराला भ्यालो तर उद्या दुसऱ्या दाराला भ्यावं लागंल, आन् माझं काम तर दारावरच हाय. घेतली. गेटवरनं फोन लावला, म्हणलं, मॅडम, मी त्यो चप्पलवाला. पार्सल वॉचमनकडं ठिवू का, तुमाला बरं वाटंल तसं करतो. ती म्हणली, या वर.

वर गेलो. चपला पायात घट्ट. दार उघडलं, पण आतनं साखळी, फटीतनं निम्मं तोंड दिसतंय, माझ्या बहिणीच्या वयाची असंल, डोळ्याखाली काळं. हात भाईर काढला तिनं. आन् पार्सल काय, तर गोल मोठा डबा, रस्सा होता, फटीतनं जाईना. आडवा केला तर सांडणार. साखळी काढली तर तिची भीती, खाली ठिवला तर माझा जीव वर खाली. ती म्हणली, ठेवा ना खाली, कायी होत न्हाई. मला तिचं मागचं, तिथंच ठेवा, ते ऐकूच आलं परत, तक्रार, लाल फोन, सगळं. एवढ्याशा फटीत आमी दोघं अडकलो होतो, आन् दोघांचं बी चूक न्हवतं.

बॅगेत कंपनीचा नवा टी-शर्ट होता. कंपनीनं रंग बदलला आन् सकाळीच प्रत्येकाच्या गळ्यात नवा मारला होता, आमच्याच कमाईतनं कापून, नको म्हणायची सोय न्हाई. घडी बी मोडलेली न्हवती. त्यो काढला, कागद फाडला, दारापासनं जरा लांब फरशीवर पसरला, कंपनीचं नाव खाली, कोरी पाठ वर, आन् त्येच्यावर डबा ठिवला. म्हणलं, मॅडम, मी लिफ्टीपाशी जातो, तुमी घ्या. आन् जाऊन तिकडं उभा राहिलो, भिंतीकडं तोंड करून.

साखळी निघाल्याचं ऐकलं. डबा उचलल्याचं ऐकलं. मंग आवाज आला, दादा, तुमचा टी-शर्ट. दादा म्हणली. म्या तोंड न वळवताच म्हणलं, ऱ्हाऊ द्या तिथंच, दार लागलं की उचलतो. ती लगेच गेली न्हाई. म्हणली, मी एकटी असते इथे. म्या म्हणलं, म्हणूनच मॅडम, साखळी लावत जावा, आमी आलो तरी लावत जावा. दार लागलं. मंग साखळी लागली, खट करून, आन् ताई, काय सांगू तुमाला, मला बरं वाटलं. तवा मी वळलो आन् टी-शर्ट उचलून झटकला.

आता बी तिची ऑर्डर येती कधी कधी. मी गेटवरनं आधी फोन करतो, ती साखळी लावून वाट बगती, मी कापड अंथरतो आन् लांब जातो, एका शब्दानं जास्त बोलणं न्हाई. टपरीवरचे पोरं आता पुजारी सोडून पंगतवाला म्हणायलेत, पण त्यातले दोघं-तिघं बी बॅगेत धुतलेलं फडकं ठिवायलेत, म्या बगितलंय. आयडी चालू हाय. उद्या पुण्याला परत जायला फाट्यावरनं एसटी पकडायचीय, अण्णांसाठी मायनं शेंगाचटणी बांधलीय, लोहाऱ्याच्या माणसाला आमची चटणी आवडंल का न्हाई देव जाणे. एवढं लिहा आन् बास करा, माय जेवायला बोलवायलीय, तुमी बी बसा. त्या पोरीचं दार बळकट ऱ्हावं, आन् असल्या दारात जाणारे आमी बी नीट ऱ्हावं. दुसरं काय मागू.